कोटा, थरथरणारा हात आणि पेशंटसमोरची बोलणी

प्रश्न: मी दंतवैद्यक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिली दोन वर्षं लॅबमध्ये माझं काम चांगलं व्हायचं. क्लिनिक सुरू झालं आणि सगळं बिनसलं. कोट्यात, म्हणजे पूर्ण करायच्या ठरलेल्या केसमध्ये, दोन पूर्ण डेन्चर (कवळ्या) करायची आहेत. एका आजोबांचं जॉ रिलेशनपर्यंत (दोन्ही जबड्यांची उंची आणि चावा नोंदवणं) झालं आणि ते यायचेच बंद झाले. दुसरा पेशंट अजून मिळालेला नाही. सर किंवा मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या की हँडपीस (दात कोरायचं यंत्र) धरलेला हात थरथरतो. मागच्या आठवड्यात सरांनी 'चालेल' म्हटलेली, फिलिंगसाठी कोरलेली कॅव्हिटी मॅडमनी पेशंटसमोरच 'हे कोणी शिकवलं तुला?' म्हणत परत करायला लावली. मान कायम धरलेली, झोपायला रात्रीचे दोन, क्लिनिकच्या दिवशी सकाळी घास उतरत नाही. बॅचमधल्या मुलींचा निम्मा कोटा झालाय. मैत्रिणी म्हणतात मेडिटेशन कर. केलं, पण डोळे मिटले की लॉगबुकच (केसच्या नोंदींची वही) दिसतं. हे क्षेत्र माझ्यासाठी नाहीच का?
— तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर:

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देऊ, कारण आधीच्या सगळ्या ओळींचा गुंता सुटल्याशिवाय त्याला उत्तर नाही. पत्रात तू एकच मोठा 'ताण' सांगते आहेस, पण त्यात निदान पाच वेगळ्या अडचणी आहेत: पेशंट आणि कोटा, हात, शिक्षक, शरीर आणि मन. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. मेडिटेशनने आजोबा परत येत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. लॅबमधून क्लिनिकमध्ये येण्याचं वर्ष हे या अभ्यासक्रमातलं सगळ्यात अवघड वळण आहे. फँटम हेडमधला, म्हणजे सरावाच्या पुतळ्याच्या डोक्यातला, दात हलत नाही, लाळ गाळत नाही, 'दुखतंय' म्हणत नाही आणि वेळ चुकवत नाही. दंतविद्यार्थ्यांना कशाकशाचा ताण येतो हे मोजायला गार्बी, झुकर आणि सेल्बी यांनी 1980 साली जी प्रश्नावली मांडली, तिच्यात पेशंट उशिरा येणं किंवा न येणं हा स्वतंत्र प्रश्न होता आणि शिक्षकांच्या परस्परविरोधी शेऱ्यांचाही होता. ती पुढे कितीतरी देशांत वापरली गेली. परीक्षा आणि क्लिनिकचा कोटा बहुतेक ठिकाणी यादीत वरच राहिले. थोडक्यात, तुझी तक्रार या शिक्षणाइतकीच जुनी आहे.

आता कोटा. इथे जरा जास्त वेळ घालवू, कारण तुझ्या रात्री दोनपर्यंतच्या जागरणाचं मूळ बहुधा इथेच आहे.

लॉगबुकमध्ये 'डेन्चर: 2' एवढंच लिहिलेलं असतं. आकडा छोटा दिसतो, म्हणून मागे पडतो. पण एका पूर्ण डेन्चरला भेटी किती? तपासणी आणि प्राथमिक माप ही पहिली. बॉर्डर मोल्डिंग (मापाच्या ट्रेच्या कडा तोंडात घडवणं) आणि अंतिम माप दुसरी. जॉ रिलेशन तिसरी. ट्राय-इन, म्हणजे मेणात लावलेले दात तोंडात बसवून बघणं, चौथी. डेन्चर बसवणं पाचवी. दुसऱ्या दिवशी किंवा त्याच आठवड्यात टोचतंय का हे बघायला सहावी. मधल्या काळात लॅबचं काम वेगळंच. स्पेशल ट्रे, म्हणजे त्याच पेशंटच्या जबड्याबरहुकूम केलेला मापाचा ट्रे, वापरायच्या किमान एक दिवस आधी करून ठेवावा लागतो, नाहीतर ॲक्रिलिक आकसत असतानाच तू त्यात माप घेशील आणि ते बसणार नाही.

आठवड्याला एक भेट धरली तर सहा आठवडे. तीनातली एक भेट बुडते असं धरलं तर नऊ. सत्र 16 आठवड्यांचं असेल, तर आठव्या आठवड्यात सुरू केलेलं डेन्चर कसंबसं सोळाव्यात संपतं. दहाव्यात सुरू केलेलं संपत नाही, तू कितीही मेहनती असलीस तरी. याउलट साधं फिलिंग एका भेटीत होतं. मुलं नेमकं उलटं करतात. आधी फिलिंग उरकतात, कारण लॉगबुक भराभर भरल्यासारखं दिसतं. डेन्चर आणि रूट कॅनॉल शेवटच्या दोन महिन्यांवर ढकलतात. बॅचमधल्या ज्या मुलींचा 'निम्मा कोटा' झालाय, त्यांचा कोणता निम्मा झालाय ते एकदा विचारून बघ.

एका मोठ्या कागदावर तक्ता कर. प्रत्येक केसची एक ओळ. रकाने चारच: एकूण भेटी किती, झाल्या किती, पुढची तारीख कोणती, आणि काम कोणावर अडलंय. हा चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात चारच शब्द येऊ शकतात: पेशंट, लॅब, सही, मी. तो भरला की पुष्कळदा कळतं की आपण ज्याला 'काम झालं नाही' म्हणतोय त्यातला बराचसा भाग नुसत्या सहीवर अडलाय. सही त्याच दिवशी, पेशंट खुर्चीत असतानाच घ्यायची. चार दिवसांनी लॉगबुक घेऊन गेलीस तर शिक्षकांना ती केस आठवणार नाही, आणि न आठवणाऱ्या केसवर सही करायला ते का-कू करणारच. त्यात त्यांचं चुकत नाही.

तक्ता आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास बघायचा. रोज रात्री बघायचा नाही. रोज बघण्याने काम पुढे सरकत नाही, झोप मात्र मागे सरकते.

आता तुझे आजोबा. जॉ रिलेशननंतर पेशंट गळणं हे डेन्चरच्या केसमध्ये नेहमीचं आहे आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. त्यांच्या दृष्टीने तीन वेळा येऊन गेले, तोंडात दर वेळी काहीतरी कोंबलं गेलं, आणि हाती एकही दात आला नाही. पहिल्या भेटीत कोणी सांगितलंच नाही की सहा वेळा यावं लागेल आणि दात चौथ्या भेटीत दिसतील. पुढच्या डेन्चरला हे सुरुवातीलाच सांग. सहाही भेटींच्या तारखा मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून दे, आणि म्हाताऱ्या माणसासोबत येणाऱ्या मुलाचा किंवा सुनेचा फोन नंबर घे. खरी अडचण बहुतेक वेळा त्या सोबत येणाऱ्या माणसाच्या रजेची असते.

आजोबांना फोन कर, आणि तो असा: 'आजोबा, तुमचं निम्मं काम झालंय. पुढच्या वेळी मेणात लावलेले दात तोंडात बसवून तुम्हाला आरशात दाखवणार आहे. आवडले नाहीत तर बदलता येतील. मंगळवारी जमेल की गुरुवारी?' 'कधी येताय?' असा मोकळा प्रश्न विचारलास तर 'बघतो' असंच उत्तर येतं. फोन आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा. तरीही आले नाहीत तर दोन प्रयत्नांनंतर विभागात कळव आणि नवीन पेशंट शोधायला लाग. एका केसमध्ये जीव अडकवून बसू नकोस.

मधल्या खंडामुळे केलेलं काम वाया गेलं का, ही तुझी धास्ती मी ओळखू शकतो. मॉडेल आर्टिक्युलेटरवर (जबड्यांसारखी हालचाल करणाऱ्या उपकरणावर) बसवून झाली असतील तर जॉ रिलेशन तुझ्याकडे सुरक्षित आहे, दात लावायला घे. नुसते मेणाचे रिम (दातांच्या जागी लावलेल्या मेणाच्या पट्ट्या) पडून असतील आणि ते उन्हात किंवा बर्नरजवळ राहिले असतील, तर त्यांच्यावर विसंबू नकोस. मेण वाकतं आणि वाकलेलं दिसत नाही. ट्राय-इनच्या वेळी उंची आणि चावा पुन्हा तपास, चुकलं असेल तर ती एक भेट जास्तीची धर. काही आठवड्यांच्या खंडाने जुनी, भरून आलेली हिरडी फारशी बदलत नाही. पण शेवटचे दात अलीकडेच काढले असतील तर पहिल्या काही महिन्यांत हाड भराभर झिजतं. तेव्हा मात्र मापच नव्याने घ्यावं लागू शकतं.

शेवटचं एक: पेशंट न आल्याच्या दिवसासाठी काम आधीच ठरलेलं असू दे. थोडक्या निरोपावर येऊ शकतील अशा तीन-चार पेशंटची नावं लिहून ठेव: स्केलिंगचे, साध्या फिलिंगचे, जवळ राहणारे. तेही नसतील तर दात लावणं, ट्रे करणं, ट्रिमिंग. रिकाम्या खुर्चीशेजारी दोन तास बसून दाराकडे बघणं हे दिवसभराच्या कामापेक्षा जास्त थकवतं.

हाताकडे वळू. थोडी थरथर प्रत्येक माणसाच्या हाताला असते. ॲड्रिनलिन वाढलं की ती दिसायला लागते. तिला खतपाणी घालणाऱ्या चार गोष्टी तुझ्या पत्रातच आहेत किंवा असाव्यात: अपुरी झोप, रिकामं पोट, झोप घालवायला घेतलेली कॉफी आणि घट्ट पकड. पहिल्या तीन क्लिनिकबाहेरच्या आहेत. चौथी खुर्चीजवळची, आणि ती आजच सुधारता येते.

काम करताना एकदा आपल्या तर्जनीकडे बघ. शेवटचं पेर आत दबून उलट्या बाजूला वाकलेलं असेल, तर तू हँडपीस धरत नाहीयेस, चिमटते आहेस. अशा पकडीत बोटांचे आणि मनगटाचे स्नायू आधीच पूर्ण ताणलेले असतात, आणि ताणलेला स्नायू थरथरतोच. हँडपीस अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत हलका धर, मधल्या बोटाची कड त्याला खालून आधार देऊ दे, आणि अनामिका शेजारच्या घट्ट दातावर टेकव. हा टेकू शक्यतो त्याच जबड्यात, कामाच्या दाताच्या जवळ. गालावर, ओठावर किंवा हलणाऱ्या दातावर टेकवलेलं बोट म्हणजे टेकू नव्हे. पेशंटने गिळलं की तोही हलतो आणि तुझा हातही. कोपर अंगाशी ठेव. हवेत तरंगणाऱ्या कोपरावर कोणाचाच हात स्थिर राहत नाही, सरांचाही नाही.

दाब देऊ नकोस. एअर रोटर (हवेच्या जोरावर फिरणारा हँडपीस) मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेतो, कापायचं काम त्याचं आहे. ब्रशने रंग द्यावा तसे हलके फटके पुरतात. बर (हँडपीसमध्ये बसवायचं दात कापणारं हत्यार) दाताला टेकायच्या आधी फिरता हवा आणि दातावरून उचलल्यावरच थांबवायचा. ओठ, गाल आणि जीभ ओलांडताना मात्र बंद. आणि श्वास. बारीक काम करताना श्वास रोखून धरायची सवय बहुतेकांना असते, आणि ती आपल्याला आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. पेडल दाबताना हळू श्वास सोडायचा, एवढंच लक्षात ठेव.

मध्येच हात थरथरला तर क्रम असा. बर दातावरून उचल आणि पाय पेडलवरून काढ. बर थांबला की हँडपीस तोंडाबाहेर घे. पेशंटला 'जरा तोंड मिटून आराम करा' म्हण. त्यालाही ते हवंच असतं. तीन वेळा लांब श्वास सोड. आरसा पूस, टेकू नव्याने घे, मग सुरू कर. जेमतेम अर्धा मिनिट जातं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते पेशंटची काळजी घेतल्यासारखं दिसतं. खरं म्हणजे ती काळजीच असते.

पण तुझा हात शिक्षक मागे आले की थरथरतो, म्हणजे सराव बघितलं जाण्याचा करायला हवा. एकटीने टायपोडॉन्टवर (नकली दातांच्या सरावाच्या जबड्यावर) शंभर कॅव्हिटी केल्यास तरी तो सराव होत नाही. मैत्रिणीला मागे उभं कर, हातात घड्याळ दे, आणि मध्येच प्रश्न विचारायला सांग: 'हा बर कोणता? खोली किती? इथे का थांबलीस?' आठवड्यातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं, दोन-तीन आठवडे. पहिल्या दोन वेळा हसू येईल, तिसऱ्या वेळी घाम येईल, मग हळूहळू सवय होईल. मग तू तिच्यामागे उभी राहा.

आता ती परत करायला लागलेली कॅव्हिटी. पेशंटसमोर असं बोलणं चूक आहे, त्यात वाद नाही. पण 'सर एक म्हणतात, मॅडम दुसरं' याच्या मुळाशी पुष्कळदा तुझं काम नसतंच, तर दोघांच्या डोक्यातलं भरायचं साहित्य वेगळं असतं. अमाल्गमला (चांदीच्या रंगाचं धातूचं मिश्रण) तुटू नये म्हणून साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडी लागते, सपाट तळ लागतो, धरून ठेवणारा आकार लागतो. कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं साहित्य) दाताला चिकटतं. त्याला एवढं सगळं लागत नाही, किडलेलं काढलं आणि कडा नीट केल्या की पुरतं. अमाल्गम डोक्यात असलेल्या शिक्षकांना कॉम्पोझिटची कॅव्हिटी अर्धवट वाटणार, आणि कॉम्पोझिटवाल्यांना अमाल्गमची कॅव्हिटी उगाच मोठी.

म्हणून बर लावायच्या आधी, पेशंटचा एक्स-रे हातात घेऊन, तीन गोष्टी तोंडाने सांगायच्या आणि होकार घ्यायचा: काय भरणार, बाह्याकार (कॅव्हिटीची बाहेरची कड) कुठपर्यंत नेणार, आणि खोली किती. केस ज्या शिक्षकांनी सुरू करून दिली, पुढच्या पायऱ्याही त्यांनाच दाखवायच्या. ते नसतील तर दुसऱ्यांना आधी सांगायचं, 'सरांनी बाह्याकार बघितलाय, कॉम्पोझिट ठरलंय.' हे आधी सांगितलं तर माहिती ठरते. नाकारल्यावर सांगितलं तर तक्रार ठरते.

दुसरं, मोजून दाखव. 'खोल आहे', 'उथळ आहे' यावर वाद होतो, मिलिमीटरवर होत नाही. 245 नंबरच्या बरचं कापणारं टोक 3 मिलिमीटर लांब असतं. ते अर्धं आत गेलं म्हणजे दीड. विल्यम्स प्रोबवर (मोजमापाच्या बारीक सळईवर) खुणा असतात, कॅव्हिटीत उभा धरला की आकडा वाचता येतो. क्लास टू (मागच्या दातांची, शेजारच्या दाताकडच्या बाजूची कॅव्हिटी) करताना शेजारच्या दाताला धातूची मॅट्रिक्स पट्टी लाव. शेजारच्या धडधाकट दातावर पडलेला ओरखडा ही क्लास टूमधली सगळ्यात जास्त बोलणी खायला लावणारी चूक आहे आणि ती पट्टी लावायला एक मिनिटही लागत नाही. हिरडीकडच्या बाजूला शेजारच्या दातापासून साधारण अर्धा मिलिमीटर मोकळं झालं की थांब.

पेशंटसमोर बोलणी बसलीच तर 'पण सर म्हणाले होते' हे वाक्य गिळ. 'हो मॅडम, दुरुस्त करते. पेशंट गेल्यावर दोन मिनिटं विचारायला येऊ का?' आणि पेशंटला: 'मॅडमनी तपासून एक सुधारणा सांगितली आहे, ती करून पुढे जाऊ.' नंतर खरंच जा आणि एकच प्रश्न विचार, 'पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट वेगळी करू?' उत्तर त्याच दिवशी, तारीख टाकून, वहीत लिही. सात-आठ नोंदी झाल्या की दिसतं की त्यातल्या निम्म्या एकाच गोष्टीबद्दल आहेत. ती एक गोष्ट सुधारणं हे 'मी वाईट आहे' यापेक्षा बरंच लहान काम आहे.

बोलणं कामाबद्दल न राहता तुझ्या अंगावर, घरावर, बुद्धीवर येत असेल आणि वारंवार होत असेल, तर मात्र हे सगळं गुंडाळून ठेव. तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं हे लिहून काढ, आणि मेंटर, विभागप्रमुख किंवा तक्रार समितीकडे एकटी न जाता कोणाला तरी बरोबर घेऊन जा. अपमान सहन करणं हा कोणत्याच अभ्यासक्रमाचा भाग नाही.

तू लिहिलेलं नाहीस, पण तिसऱ्या वर्षी छातीत धडधड करणारी आणखी एक गोष्ट म्हणजे इंजेक्शन देऊनही पेशंट 'दुखतंय' म्हणतो. खालच्या दाढेच्या ब्लॉकला (मज्जातंतू बधीर करणाऱ्या इंजेक्शनला) ओठ जड व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात, आणि दात स्वतः बधीर व्हायला त्याहून जास्त. बरीच अपयशं केवळ घाईची असतात. उरलेल्यांत सुई खूप खाली किंवा खूप पुढे पडलेली असते. सुजलेल्या, पू झालेल्या जागी औषधाचा असर मुळातच कमी होतो, तिथे तुझ्या हाताचा दोष शोधू नकोस. दहा मिनिटं थांबूनही ओठ जड नसेल तर शिक्षकांना बोलाव. किती मिली दिलं ते आधीच लिहिलेलं असू दे, पहिला प्रश्न तोच येईल. आणि पेशंटने हात वर केला की थांबायचं असं सुरुवातीलाच ठरवून घे. हा करार त्याच्यापेक्षा तुझीच धडधड जास्त कमी करतो.

शरीराबद्दल थोडक्यात. मान धरते कारण तू पेशंटकडे वाकतेस. पेशंटला आपल्याकडे आणायचं असतं. त्याचं तोंड तुझ्या कोपराच्या उंचीला हवं, तुझी मान वीस-पंचवीस अंशांपेक्षा जास्त झुकायला नको. वरच्या दातांसाठी खुर्ची पूर्ण आडवी आणि हनुवटी वर. वरच्या दाढा आरशातूनच बघायच्या. आरशातलं काम उलटं वाटतं म्हणून मुलं टाळतात आणि मानेने किंमत मोजतात. टायपोडॉन्टवर रोज दहा मिनिटं नुसतं आरशात बघून रेघा मारल्या तरी काही आठवड्यांत ते सहज जमायला लागतं. दुखणं खांद्यातून हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर व्यायामाचे व्हिडिओ बघत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव.

झोप सात तासांच्या खाली नेऊ नकोस. कॅफिन शरीरातून अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतलं अर्धं रात्री अकरालाही अंगात असतं. म्हणून दुपारनंतर बंद. क्लिनिकच्या दिवशी सकाळी पूर्ण जेवण जात नसेल तर दोन तास आधी थोडं काहीतरी, अगदी पातळसुद्धा चालेल, पण रिकाम्या पोटी हँडपीस धरू नकोस. मेडिटेशन जमत नसेल तर सोडून दे. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं, डोळे उघडे ठेवून. लॉगबुक दिसायला नको असेल तर उघडे डोळे बरे.

एक धोक्याचं. आपल्या क्षेत्रात औषधं हाताशी असतात आणि नावं पाठ असतात. व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) आधी हात थरथरू नये म्हणून प्रोप्रानोलॉल, झोप यावी म्हणून अल्प्राझोलाम, असं मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे फिरतं. पहिल्या गोळीने दमा असलेल्या माणसाचा श्वास कोंडू शकतो, दुसरीची सवय लागते आणि ती अचानक सोडणंही धोक्याचं असतं. डॉक्टरांनी तपासून दिली तर ठीक, एरवी नको.

आता मन. कामाचा ताण काम नसताना उतरतो: सुट्टीच्या दिवशी, पेशंट बरा झाला की, सही मिळाली की. तो उतरतच नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, भूक-झोप बिघडलेली, पेशंट म्हणजे नुसता एक आकडा वाटायला लागला असेल, तर तक्ते आणि टेकू बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेट. सकाळी घास उतरत नाही आणि झोप नाही ही तुझी दोन वाक्यं मला एवढ्यासाठी खटकली. फक्त क्लिनिकच्या दिवशी होत असेल तर बहुधा भीती आहे. रविवारीही होत असेल तर तपासून घे. आणि जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणाला तरी सांग, एकटी राहू नकोस, आणि जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. परीक्षा, कोटा, कॉलेजात काय म्हणतील, यातलं काहीही त्याच्या आड येऊ देऊ नकोस.

राहिला तुझा प्रश्न, हे क्षेत्र माझ्यासाठी नाहीच का. परीक्षेच्या महिन्यात आणि झोप नसताना याचं उत्तर काढू नकोस. आठ आठवडे वर सांगितलेलं कर. मग एखादा बरा दिवस निवड, ज्या दिवशी पेशंट वेळेवर आला, काम जमलं, कोणी बोललं नाही, आणि स्वतःला विचार: आज मजा आली का? आली असेल तर तुला अडचण कामाची नव्हती, कामाभोवतीच्या गोंधळाची होती. बऱ्या दिवशीही आतून कोरडंच वाटलं, असे पाच-सहा दिवस झाले, तर प्रश्न खरा आहे आणि तो विचारण्यात काही कमीपणा नाही. दंतवैद्यकात हँडपीसशिवायही वाटा आहेत: सार्वजनिक आरोग्य, ओरल पॅथॉलॉजी (तोंडाच्या रोगांचा अभ्यास), रेडिओलॉजी, संशोधन.

मध्ये थांबावंसं वाटलं तर तोही मार्ग आहे. सत्र सोडता येतं का, मुदत वाढवून मिळते का, पूर्ण झालेल्या केस पुढच्या वर्षी धरल्या जातात का, हे मेंटरला तोंडी न विचारता कार्यालयातून लेखी घे. तोंडी उत्तरं माणसागणिक बदलतात. भेटीला जाताना तो तक्ता बरोबर असू दे, 'जमत नाही' यापेक्षा 'या तीन केस पेशंटवर अडल्या आहेत' हे ऐकून शिक्षकही मदत करू शकतात. आणि रजेवर जायच्या आधी तुझ्या अर्धवट केस कोणाकडे जातील ते नावानिशी लिहून दे. रूट कॅनॉल अर्धं राहिलेला दात आधी सोपव. त्यातलं तात्पुरतं फिलिंग काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही.